नंबर लावण्याआधी

‘डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाली का?’ असं पुण्यात विचारतात. आपल्याकडे विचारतात, ‘नंबर लावला का?’ नंबर लावण्याच्या तऱ्हाही आपल्याच. कुणी डेअरीला दूध घालून परतताना दवाखान्याच्या वहीत नाव टाकून येतं. कुणी कंपाउंडरला सकाळीच फोन करून ठेवतं. कुणी बाकावर पिशवी ठेवून शेजारणीला सांगतं, ‘एवढा माझा नंबर धरा, मी आलेच.’

पण नंबर लागला म्हणजे काम झालं, असं नसतं. साध्या तापाचं पोर घेऊन दोन गाड्या बदलत पुणं गाठणारे आईबाप, आणि छातीत कळ येत असताना गुमान एकोणिसाव्या नंबरची वाट बघत बसलेले आजोबा, दोघांचेही नंबर नीट लागलेले असतात. चुकलेलं असतं ते दार.

भोंगवलीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. महामार्गावर आलं की सारोळा, आणि नीरा ओलांडली की शिरवळ. तिथे खासगी दवाखाने आहेत. तालुक्याच्या गावी भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे औंधचं जिल्हा रुग्णालय आणि पुणे स्टेशनजवळचं ससून. कोणत्या दुखण्याला यातलं कोणतं दार आणि त्या दारात जाताना हातात काय, एवढाच या लेखाचा विषय. सगळ्याचं सार एकच आहे: सुरुवात जवळच्या दारापासून करा आणि तिथे रिकाम्या हातांनी जाऊ नका.

पहिलं दार गावातच

तुमच्या गावात किंवा वाडीत एक आशाताई असते. साधारण हजार वस्तीमागे एक, असा तिच्या नेमणुकीचा हिशोब आहे. लहान मुलांच्या लसीकरणाचा दिवस कोणता, केंद्रात आज डॉक्टर आहेत की बैठकीला गेलेत, बाळंतपणाला गाडी कुणाला सांगायची, हे तिला ठाऊक असतं. तिचा नंबर घरातल्या एकाच्या नव्हे, सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. घरात गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा टीबीचा रुग्ण असेल, तर तिला आपणहून सांगा. लाजेखातर लपवलेलं दुखणं तिच्या वहीत चढत नाही, आणि वहीत नसलेल्या घरी ती पाठपुरावा तरी कसा करणार?

आशाताईच्या वरची पायरी म्हणजे उपकेंद्र. सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र धरलेलं असतं. आता बऱ्याच उपकेंद्रांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी दिसते. तिथे नर्सबाई असतात आणि बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. बीपी मोजणं, बोटातून रक्त घेऊन साखर बघणं, गरोदरपणाची तपासणी, मुलांच्या लसी, किरकोळ तापखोकल्याची औषधं एवढं इथे होतं. तिशी ओलांडलेल्यांची बीपी, साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी हेही त्यांच्या कामातच येतं. तंबाखू मळणाऱ्यांनी ‘मला काय होतंय’ म्हणण्याआधी इथे एकदा तोंड उघडून दाखवावं.

उपकेंद्राचा आणखी एक उपयोग आहे. तिथून ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेमार्फत दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. सोबत अधिकारी बसलेले असल्यामुळे बीपीचा आकडा आणि आधीची औषधं तेच सांगतात. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या वेल्ह्याकडच्या वाड्यांना ही सोय विशेष कामाची. ‘सगळं मोबाइलवर’ म्हटलं की म्हातारी माणसं बिचकतात. त्यांना सांगा, मोबाइल तुम्हाला चालवायचा नाही, तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं.

केंद्रात काय मिळतं, काय नाही

गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना आली ती सर जोसेफ भोर यांच्या समितीतून. समिती नेमली गेली १९४३ मध्ये, अहवाल आला १९४६ मध्ये. भोरच्या माणसाला हे नाव वाचून उगाच आपलं वाटतं. हे भोर मात्र नाशिकला जन्मलेले सनदी अधिकारी होते. खिशात पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, आणि रोग बरा करणं व रोग होऊ न देणं ही दोन्ही कामं एकाच छपराखाली व्हावीत, हा त्या अहवालाचा गाभा. म्हणून केंद्रात एका खोलीत तापाचा रुग्ण तपासला जातो आणि शेजारच्या खोलीत धडधाकट बाळाला लस टोचली जाते. एक केंद्र सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी मुलखात वीस हजार लोकसंख्येसाठी असावं, असा निकष आहे. साधारण सहा खाटा, प्रसूतीची खोली, छोटी प्रयोगशाळा आणि औषधांची खिडकी, असं त्याचं रूप.

इथे आधी फोन करून वेळ घ्यावी लागत नाही. आलेल्या क्रमाने केसपेपर निघतो आणि तोच तुमचा नंबर. बाह्यरुग्ण विभाग सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन सत्रांत चालतो. नेमक्या वेळा दारावरच्या फलकावर असतात, त्याचा एकदा फोटो काढून ठेवा. तपासणीसाठी रक्त द्यायचं असेल, तर सकाळचं सत्र सुरू होताच जा. बारा वाजता पोहोचलेल्याला ‘उद्या या’ ऐकावं लागतं, आणि त्यात दोष केंद्राचा नसतो. फक्त महिन्याच्या गोळ्या न्यायच्या असतील, तर गर्दी ओसरल्यावर जाणं सोयीचं. लसीकरणाला वार ठरलेला असतो. गरोदर बायकांसाठी दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’खाली डॉक्टरांकडून तपासणी होते.

पैशांचं काय? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाले आहेत. प्राथमिक केंद्रापासून भोरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत हे लागू आहे. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, त्यामुळे तिथला हिशोब वेगळा. ‘सगळं सरकारी म्हणजे सगळं फुकट’ असं समजून रिकाम्या खिशाने तिकडे जाऊ नका.

केंद्रात मोठी शस्त्रक्रिया, सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांची अपेक्षा धरू नये. पण त्यावरून ‘तिथे काही मिळत नाही’ असा निष्कर्ष काढणं हेही चूकच. ताप, जुलाब, खोकला, जखमेचं ड्रेसिंग, बीपी-साखरेची औषधं, टीबीसाठी थुंकी तपासायला देणं, कुत्र्याच्या चाव्यावरची लस, साधं बाळंतपण, ही कामं जवळच होतात. टीबीचं निदान झालं, तर औषधं मोफत मिळतात आणि उपचार चालू असेतो पोषणासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यात येतात. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होती. खातं आणि आधार दोन्ही नीट नोंदवलंय ना, हे उपचार सुरू होतानाच विचारून घ्या.

पिशवीत काय हवं

डॉक्टरांसमोर तुम्हाला मिळतात ती मोजकी मिनिटं. ती मिनिटं ‘ती पांढरी गोळी चालू आहे, अर्ध्या रुपयाएवढी’ यात गेली, तर दुखण्याचं बोलायचं कधी?

म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक प्लॅस्टिकची फाइल करा. त्यात जुने केसपेपर, रिपोर्ट आणि चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावा, ताजं सगळ्यात वर. एक्स-रेची फिल्म दुमडू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत टाका. आयुर्वेदिक काढा, गुडघ्याचं तेल, मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, सगळं. गोळ्यांच्या पट्टीतून शेवटची गोळी काढताना नावाचा भाग फाडून फेकायची सवय सोडा. एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, तर त्याचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.

लहान मुलाबरोबर लसीचं कार्ड, गरोदर बाईबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळ्यांबरोबर आधार व रेशन कार्डाची प्रत असावी. ‘आभा’ क्रमांक काढला असेल, तर तोही लिहून ठेवा. चौदा अंकी असतो. काही सरकारी रुग्णालयांत नोंदणीच्या खिडकीपाशी क्यूआर कोड लावलेला असतो. आभा ॲपने तो स्कॅन केला, की नाव-पत्ता सांगत न बसता टोकन मिळतं.

आदल्या रात्री एका कागदावर चार ओळी लिहा. काय होतंय? कधीपासून? कशाने वाढतं, कशाने कमी होतं? आधी काय औषध घेतलं? ताप असेल तर थर्मामीटरचा आकडा वेळेसकट लिहा. ‘अंग भाजल्यासारखं तापलं होतं’ यापेक्षा ‘रात्री दोनला १०२’ हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. आणि सगळ्यात जास्त सतावणारी तक्रार पहिल्यांदा सांगा. आपल्याकडे सर्दीपासून सुरुवात होते, आणि उठताना दारात ‘अन् डॉक्टर, लघवीला जरा रक्त जातंय’ असं पुटपुटलं जातं. ही शेवटची ओळ पहिली करा.

साखर उपाशीपोटी तपासायची असेल, तर आठ तास काही खायचं नाही. साधं पाणी चालतं, चहा चालत नाही. रक्त दिल्यावर खायला भाकरी सोबत घ्या, नाहीतर परतीच्या वाटेवर भोवळ येते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं की नाही, हे आदल्या भेटीतच विचारून ठेवा. वयस्कर माणसाबरोबर घरातलं असं माणूस पाठवा, ज्याला त्यांचं रोजचं खाणंपिणं आणि औषधं माहीत आहेत. पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा गाडी चालवायला उत्तम, पण आईची रात्रीची गोळी कोणती, हे सुनेलाच ठाऊक असतं.

निघताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नका: औषध किती दिवस घ्यायचं, काय झालं तर लगेच परत यायचं, आणि पुन्हा कधी दाखवायचं. डॉक्टर घाईत असतील, तर औषधाच्या खिडकीवर विचारा. बीपी आणि साखरेच्या गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जा. भात लावणीच्या धांदलीत ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणत गोळ्या तुटतात. बीपीची गोळी तुटली तर दुखत काहीच नाही, म्हणून ती चूक लक्षातही येत नाही.

खासगी दवाखान्यात

संध्याकाळी शेतातून आल्यावर दाखवायचं, तर बरेच जण खासगी डॉक्टरांकडे जातात. त्यात गैर काही नाही. इथे मात्र आधी फोन करावा. डॉक्टर कोणत्या वारी, किती वाजता बसतात, आज किती नंबर झालेत, फी किती, हे फोनवरच विचारा. बाहेरगावचे तज्ज्ञ आठवड्यातून एखाद्या दिवशी येणार असतील, तर फाइलमधला शेवटचा रिपोर्ट सोबत हवाच. यायला जमणार नसेल, तर तसं कळवा. आपला रिकामा गेलेला नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी तापातल्या पोराचा असतो.

दवाखान्यात डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक दिसायला हवा. सुट्या गोळ्यांच्या कागदी पुड्या मिळाल्या, तर त्या गोळ्यांची नावं कागदावर लिहून मागा. पुडीने बरं वाटलं तर ठीकच, पण त्रास झाला तर पुढच्या डॉक्टरांना सांगणार काय? आणि एक गोष्ट आपल्याच बाजूची. ‘सुई टोचली नाही, म्हणजे डॉक्टरने काही केलंच नाही’ हा समज डॉक्टरांनी नाही, आपण वाढवला आहे. सर्दीपडशाच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि तोंडाने पाणी पिणाऱ्या माणसाला सलाइनची बाटली म्हणजे महागडं मीठपाणी. सुई मागून घेऊ नका.

दाखल व्हायची वेळ आली, तर दरपत्रक बघा. राज्यातल्या नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. उपचाराची कागदपत्रं मागणं हा तुमचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायला हवीत. मागणी तोंडी न करता कागदावर करा आणि तारीख घाला.

जिथे नंबर लावायचाच नसतो

काही दुखण्यांत रांगेचा नियम लागूच होत नाही. अशा वेळी सरळ पुढे जाऊन सांगायचं, ‘तातडीचं आहे’. लोक वाट देतात.

पहिलं म्हणजे साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्या राज्यातले चार मुख्य विषारी साप. चावलेल्या माणसाला चालवू नका, पळवू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, कारण सूज येते. हातपायाला फळी किंवा काठी बांधून तो हलणार नाही असं करा. आवळून दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, यातलं काही करू नका. आधी देवळात आणि मग दवाखान्यात, या वाटेने आजवर फार माणसं गेली. साप मारून आणायची गरज नाही. फुरसं, नाग, घोणस आणि मण्यार या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. चावल्याची वेळ मात्र लक्षात ठेवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटायला लागल्यात, बोबडी वळते, अशी लक्षणं दिसली तर खूण शोधत बसू नका, निघा. दवाखान्यात रक्त काढून काचेच्या नळीत वीस मिनिटं तसंच ठेवतात. ते गोठतं का, यावरून घोणस-फुरशाचं विष कळतं. त्या वीस मिनिटांत ‘काहीच करत नाहीत’ म्हणून आरडाओरडा करू नका, तीच तपासणी चालू असते.

विंचवाची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. वरंधा घाट उतरलं की महाड. त्या तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं टिपली, आणि पुढे प्राझोसिन ही साधी रक्तदाबाची गोळी अशा रुग्णांना वाचवते, हे जगाला दाखवून दिलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापून आलं; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जवळच्या छोट्या केंद्राला नाकं मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी. विंचू चावल्यावर घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, तर उतारा शोधत न फिरता केंद्र गाठा. लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांचीही वाट बघू नका.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट यातलं काही भरू नका. त्याच दिवशी लस सुरू करा. सरकारी केंद्रात कातडीत टोचायच्या पद्धतीने ० , ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस देतात. पहिला दिवस शून्य धरायचा. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायच्या सीरमबद्दल विचारा, आणि ते केंद्रात नसेल तर चिठ्ठी घेऊन त्याच दिवशी भोर गाठा. दोन टोचून झाल्यावर ‘कुत्रं जिवंत आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने लस थांबवू नका.

फवारणीचं औषध पोटात गेलं, तर ओकारी काढायला लावू नका. कपडे उतरवून अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घ्या. तिच्यावरच्या नावावर उपचार ठरतो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर अर्धांगवायूचा झटका समजा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ लिहा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून गाडीत बसायच्या आधीच फोन करून विचारा, स्कॅन कुठे चालू आहे. छातीत दाबल्यासारखं होतंय, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जातेय, घाम फुटलाय, तर ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. अशा माणसाने मोटारसायकल तर मुळीच चालवायची नाही.

गाडी बोलवायची ती १०८ वर. ही सेवा राज्यात २६ जानेवारी २०१४ पासून आहे. फोन लागला की आधी जागा सांगा, मग दुखणं. ‘भोंगवली’ एवढं पुरत नाही. तालुका भोर, सारोळ्याकडून येताना कोणतं वळण, देऊळ की शाळा, वस्तीचं नाव, सगळं सांगा. एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन झालं तरी, आणि घरी परत सोडणारी गाडी हे सगळं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे.

महामार्गावर अपघात दिसला, तर मदत करायला घाबरू नका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. आणि ‘आधी पोलिस, मग उपचार’ असं कुठलंही रुग्णालय म्हणू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे.

पुढे पाठवलं, तर

केंद्राने ‘भोरला न्या’ म्हटलं, तर लगेच उठून निघू नका. आधी चिठ्ठी घ्या. तिच्यावर काय झालं, काय औषध दिलं, किती वाजता दिलं, हे लिहिलेलं हवं. सापाची किंवा झटक्याची केस असेल, तर ‘पुढे फोन करून कळवलंय ना?’ असं विचारा. चिठ्ठी नसली की भोरला सगळं पहिल्यापासून सुरू होतं. चिठ्ठी ओलांडून थेट ससूनला गेलात, तर राज्यभरातून आलेल्या गर्दीत तुम्ही शेवटचे.

मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपचार असतील, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना विचारात घ्या. ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. २०२३ च्या निर्णयाने पिवळ्या, केशरीबरोबर पांढऱ्या कार्डालाही ती लागू झाली, आणि दर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण ठरलं. सत्तर वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. इथे लोक दोन ठिकाणी फसतात. एक, ही योजना दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण तपासणीसाठी नाही. आणि रुग्णालय योजनेतलं असावं लागतं. दोन, मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. आधी पैसे भरून नंतर कार्ड दाखवलं, तर परतावा मागत हेलपाटे घालावे लागतात. म्हणून दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी रेशन कार्ड आणि फोटो ओळखपत्र घेऊन जा. रेशन कार्डावर रुग्णाचं नाव आहे ना, हे आजच बघा. नव्या सुनेचं नाव चढवायचं राहून जातं, आणि आठवण होते ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी.

काम अडलं, तर

खिडकीवर भांडून औषध मिळत नाही. औषध संपलं असेल तर कधी येणार ते विचारा. पुन्हा पुन्हा तेच झालं, तर तारखा लिहून केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या, तिथे हललं नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, मग जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. भोरच्या रुग्णालयाबाबत तक्रार असेल, तर ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर सल्ला मिळतो, तक्रारही नोंदवता येते. केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्यात लोकप्रतिनिधी बसतात. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघतो तसा हाही काढा. २००७ मध्ये राज्यात आरोग्य सेवांवर लोकांनी देखरेख ठेवायचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. गावकऱ्यांनी केंद्राचा हिशोब विचारणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कुणाचं चांगलं काम दिसलं, तर तेही त्याच ग्रामसभेत सांगा.

कपाटाच्या दारावर

लेख वाचून बाजूला ठेवायच्या आधी एक काम करा. वहीचं एक पान घ्या आणि मोठ्या अक्षरांत लिहा:

गाडी: १०८. गरोदर बाई, बाळ: १०२. सल्ला, तक्रार: १०४. मनाचा त्रास, जीव नकोसा वाटणं: १४४१६, टेलिमानस, दिवसरात्र. फुले योजना: १५५३८८. त्याखाली आशाताईचा नंबर, उपकेंद्राच्या नर्सबाईंचा नंबर, खासगी डॉक्टरांचा नंबर आणि रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर. शेवटी आपल्या घराचा पत्ता, १०८ वाल्याला सांगायचा तसा, वळणासकट.

शेवटची ओळ अनावश्यक वाटेल. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घरची वाट सांगता येत नाही, आणि फोन करायला त्या वेळी घरात कदाचित पाचवीतली मुलगीच असेल. तिला वाचता येईल अशा अक्षरात लिहा आणि तिचा हात पोचेल इतक्या उंचीवर चिकटवा.